धाप ओसरेपर्यंत

आयुक्त रेवती बोंद्रे यांच्या टेबलावर हेमांगी दुधाळचा अहवाल उघडा पडला होता आणि बाई चक्क हसत होत्या. सांगवड महानगरपालिकेत हे दृश्य दुर्मीळ होतं.

"खर्च कमी होतोय आणि कुणावर अन्यायही होत नाहीये," त्या म्हणाल्या. "असं वाक्य मी आजवर कुठल्या अहवालात वाचलेलं नाही. आता दुसऱ्या टप्प्यावरही सही करून टाका. शुक्रवारच्या सर्वसाधारण सभेत विषय घेते."

"आकड्यांवर एकदा शेवटचा हात फिरवते, मॅडम, आणि करते," हेमांगी म्हणाली.

हेमांगी समता परीक्षण अधिकारी होती. पद नवीन होतं. आरोग्य आणि समाजकल्याणावरचा खर्च कमी करायचा असेल, तर त्याची झळ नेमकी कुणाला बसेल, बायकांना, म्हाताऱ्यांना, अपंगांना की एखाद्या वस्तीला, हे आधी तपासायचं आणि जबाबदार अधिकाऱ्याने त्याखाली सही करायची, असा कायदा होऊन फार दिवस झाले नव्हते. सही नसेल तर कपात नाही. त्यामुळे जिन्याखालच्या एका लहानशा खोलीत बसणाऱ्या, संख्याशास्त्र शिकलेल्या या बाईला महापालिकेत एकाएकी मान मिळू लागला होता.

कपात टाळणं कुणाच्याच हातात नव्हतं. राज्याचं अनुदान आटत चाललं होतं आणि शहर म्हातारं होत होतं. अंथरुणाला खिळलेली, एकटी राहणारी, सत्तरी ओलांडलेली माणसं ज्या घरांत होती, त्या घरी महापालिकेची परिचारिका दर पंधरवड्याला जायची. नाडी बघायची, रक्तदाब मोजायची, घटकाभर बसायची. आता तिच्याऐवजी 'सोबती' आला होता.

'सोबती' म्हणजे तळहातावर मावेल एवढी पांढरी डबी. ती भिंतीवर लावायची. तिच्यात कॅमेरा नव्हता. ती खोलीत अतिशय क्षीण रेडिओलहरी सोडायची. या लहरी माणसाच्या अंगावर आपटून परत येतात. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर पुढे येते, सोडताना मागे जाते. लहरीच्या येण्याजाण्याचं अंतर तेवढंच बदलतं आणि डबीला तो बदल टिपता येतो. उठणं, वाकणं, चालणं तर याहून कितीतरी ठळक. खोलीत दोघंतिघं असली तरी प्रत्येकाची चाल आणि श्वासाची लय निराळी असते, त्यामुळे डबी माणसं वेगवेगळी ओळखायची.

या सगळ्यातून रोज प्रत्येकाच्या प्रकृतीला एक गुण मिळायचा. त्यामागचं तत्त्व कुणालाही पटण्यासारखं होतं. दुखणं आलं की माणसाची हालचाल मंदावते. आजची हालचाल त्या माणसाच्या नेहमीच्या हालचालीशी ताडायची. ती घसरली की डबीवर तांबडा दिवा लागणार आणि परिचारिका घरी जाणार. हिरवा दिवा असेल तिथे जायचं कारण नाही. पहिल्या टप्प्यात निम्म्या परिचारिका लसीकरणाच्या आणि केसपेपरच्या खिडक्यांवर गेल्या होत्या. दुसऱ्या टप्प्यात ती पदंच कायमची रद्द होणार होती.

हेमांगीने हे सगळं चाळणीतून काढलं होतं. गुण देताना डबी कुणाचं नाव बघत नव्हती, जात बघत नव्हती, घर स्वतःचं की भाड्याचं तेही बघत नव्हती. प्रत्येक प्रभागात सोसायट्याही होत्या आणि वस्त्याही, आणि प्रभागांमध्ये फरक निघाला नाही. बायका आणि पुरुष यांच्यात थोडा निघाला, पण तो बायकांच्या बाजूने होता. 'स्त्रियांचे प्रकृतिगुण पुरुषांपेक्षा सातत्याने चांगले असल्याने भेटी कमी झाल्याचा त्यांच्यावर विपरीत परिणाम संभवत नाही,' असं तिने लिहिलं होतं आणि लिहिताना तिला बरंही वाटलं होतं.

अहवालाच्या धबडग्यात काकूकडे जाणं राहून गेलं होतं. आई गेली तेव्हा हेमांगी चौथीत होती. तेव्हापासून लग्नाच्या वयापर्यंत तिला अनुसयाकाकूनेच वाढवलं. वामनकाका पाणीपुरवठा खात्यात पंपचालक होते. निवृत्तीनंतर पंपहाउस कॉलनीतच त्यांनी दोन खोल्या घेतल्या आणि मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून काका खाटेवर आणि काकू त्यांच्या भोवती.

रविवारी सकाळी हेमांगी पेरू घेऊन गेली.

"अगंबाई! रस्ता चुकलीस व्हय?" दार उघडत काकू म्हणाली आणि तेवढं म्हणताना मध्येच थांबली. श्वास घेतला, मग हसली.

चेहरा सुजलेला वाटत होता. हेमांगीला वाटलं, जाडी वाढली असेल. काकू लगेच आत वळली. तव्यावर भाकरी होती. ती उलटायची, ओट्याच्या कडेला हाताने रेटा देऊन उभी राहायची, मग पुढची थापायला घ्यायची. मध्येच काकांची चादर सारखी करून आली, त्यांना कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली, परत येऊन भाकरी काढली. तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. फडताळाच्या वर भिंतीवर लावलेल्या डबीचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

"बस ना जरा," हेमांगी म्हणाली.

"बसले तर उठवत नाही गं. त्यापरीस उभी बरी."

तेव्हा हेमांगीचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. घरात घालायच्या सपातेचा पट्टा मांसात रुतला होता. ती खाली वाकली आणि नडगीवर अंगठ्याने दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"काकू, हे कधीपासून?"

"उभ्यानं काम असतं, सुजायचेच."

"आणि तुझं अंथरूण असं भिंतीला टेकवून का ठेवलंय?"

"आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यागत होतं. मग टेकून बसते. लागते की डुलकी."

एवढ्यात डबीतून मंजूळ आवाज आला. रोजची विचारपूस होती ती. "अनुसयाबाई, आज कसं वाटतंय?"

"बरं हाय, बाबा," काकूने पदराने घाम पुसत उत्तर दिलं. मग हेमांगीला म्हणाली, "लई गुणाचं आहे. न चुकता विचारतं."

"मग त्याला खोटं का सांगितलंस?"

काकूने तवा उतरवला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मग काय सांगू? आजारी आहे म्हटलं की नेऊन दवाखान्यात टाकतील. ह्यांना कोण बघणार, हेमे? तू बघणार? तुझी नोकरी. शेजारची घासभर भरवतील. रात्री कुशी कोण बदलणार? पाठीला जखम झाली की भरून यायची नाही. नर्स शबानाताई यायची तोवर तिला फसवता येत नव्हतं, हात धरून बसवायची आणि यंत्र लावायची. आता ती येत नाही, ते एक बरं झालं."

खाटेच्या लोखंडी दांड्यावर ठकठक झाली. काका डावा हात आपटत होते.

"हल्ली सारखं हेच. तहान लागली असंल." काकू पाण्याचा पेला घेऊन गेली. काकांनी तो बाजूला सारला. पाणी चादरीवर सांडलं. त्यांनी हेमांगीकडे पाहिलं, मग हात उचलून बोट थेट काकूकडे केलं आणि घशातून आवाज काढत तो हात पुन्हा दांड्यावर आपटला. काकांना पाणी नको होतं. ते किती दिवस हेच सांगत होते कोण जाणे.

हेमांगीने शबाना मुजावरला फोन लावला. पहिल्या टप्प्यात केसपेपरच्या खिडकीवर गेलेल्या परिचारिकांपैकी ती एक. "आज सुट्टी आहे तुझी, माहीत आहे," हेमांगी म्हणाली, "पण वामनकाकांजवळ कुणी बसलं नाही तर काकू उंबरा ओलांडणार नाही."

शबाना स्कूटरवरून आली. आल्या आल्या तिने काकूकडे एकदाच नजर टाकली आणि म्हणाली, "अनुसयाकाकी, तुम्ही परत येईपर्यंत मी इथेच झोपते. रजा टाकते. आता सबब सांगू नका." काकू रिक्षात बसेपर्यंत सूचना देत होती. पेज कशी करायची, कुठली उशी कुठल्या बाजूला द्यायची. रिक्षा निघाल्यावर मात्र तिने डोळे मिटले आणि हेमांगीच्या खांद्यावर डोकं टाकलं. इतकं वजन त्या डोक्यात असेल असं हेमांगीला वाटलं नव्हतं.

महापालिकेच्या रुग्णालयात डॉक्टर इनामदार ड्यूटीवर होत्या. त्यांनी प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं आणि मग हेमांगीला बाहेर घेऊन आल्या.

"रक्तदाब कित्येक महिने वाढलेला असणार. हृदय थकलंय, त्यामुळे फुप्फुसात पाणी साचलंय. औषधांनी उतरेल, काळजी करू नका. वेळेत आणलंत. अजून थोडं असंच चाललं असतं तर एखाद्या रात्री बसल्या बसल्याच गेल्या असत्या."

हेमांगी बाकड्यावर बसली. कित्येक महिने, डॉक्टर म्हणाल्या होत्या. त्या सगळ्या महिन्यांत तिच्या आकडेवारीत अनुसया वामन दुधाळ ही प्रभागातली सर्वांत ठणठणीत बाई होती. आणि ते आकडे बायकांच्या बाजूचे समजून तिनेच त्याखाली सही केली होती.

निशिकांत टिळेकर विद्यापीठात हेमांगीच्या वर्गात होता. 'सोबती' त्याने बनवला होता, आणि तोही धंद्यासाठी नव्हे. त्याची आजी घरात पडून रात्रभर तशीच राहिली होती, त्यातून ही कल्पना निघाली. सोमवारी हेमांगी त्याच्या कार्यशाळेत गेली तेव्हा त्याने काकूच्या घरची सगळी नोंद पडद्यावर मांडून ठेवली होती.

"डबीत बिघाड नाही," तो म्हणाला. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. "काकूंची हालचाल पूर्वीइतकीच आहे. खरं तर वाढलीय. आजारी माणूस इतकं कसं हिंडेल, तूच सांग."

"ती हालचाल तिची नाहीये, निशिकांत. काकांची आहे."

"म्हणजे?"

"काकांना तहान लागते, म्हणून ती उठते. काकांची कूस बदलायची असते, म्हणून ती वाकते. ते आजारी पडले की ही जास्त हलते. ही स्वतः आजारी पडली तरी तेवढीच हलते, कारण ती थांबली तर ते थांबतील. तू ज्याला प्रकृती म्हणतोस ती तिची चाकरी आहे."

त्याने पडद्यावरच्या नागमोडी रेघा मागे नेल्या. पुन्हा पहिल्यापासून एकेक बघितली. त्यांची जुनी मैत्री होती, पण त्या क्षणी हेमांगीला वाटलं की हा आता उठून जाईल आणि पुन्हा कधी बोलणार नाही.

"मी बाबांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवलं होतं," तो शेवटी म्हणाला. "ताप आला की ते दोन दिवस पांघरूण घेऊन पडायचे. आई कधी पडलेली मला आठवतच नाही. मला वाटायचं, तिला ताप येत नाही."

मग दोघांनी काम सुरू केलं. हालचालीवर विसंबायचं नाही, हे ठरलं. पण मग कशावर? काय वाटतंय असं विचारून उपयोग नव्हता. काकूचं उत्तर ठरलेलं होतं. डबीजवळ दुसरी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती म्हणजे श्वास.

काम केलं की श्वास सगळ्यांचाच वाढतो. बादली उचलली, जिना चढला, माणसाला कुशीवर वळवलं, की स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो, हृदय जोरात चालतं, धाप लागते. धाप किती लागली यावरून काही ठरत नाही. कष्टाचं काम असेल तर पैलवानालाही ती लागते. खरी मेख पुढे आहे. काम थांबल्यावर ती धाप ओसरायला किती वेळ लागतो? निरोगी हृदय प्राणवायूची ही उधारी चटकन फेडतं आणि श्वास ताळ्यावर येतो. थकलेलं हृदय ती फेडेपर्यंत पुढचं काम येऊन ठेपतं. बाई जितकी जास्त हलेल तितक्या वेळा हे मोजायची संधी मिळते. ज्या हालचालीने आजार झाकला होता, तीच आता तो उघड करणार होती. शिवाय ती झोपते आडवी की बसून, हेही लहरींना दिसत होतं.

निशिकांतने नवा हिशेब बसवला आणि आधी काकूच्याच घरावर चालवला. दोन महिन्यांपूर्वीच तांबडा दिवा लागायला हवा होता.

मग सगळ्या शहरावर. पडद्यावर सांगवडचा नकाशा होता, घरागणिक एक ठिपका. जिथे तांबडे ठिपके होते त्यांतले बरेच मावळले. ते उद्यानासमोरच्या मोठ्या सोसायट्यांमधल्या, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसून राहणाऱ्या माणसांचे होते. आणि जिथे सगळं हिरवंगार होतं त्या पंपहाउस कॉलनीत, कोष्टीवाड्यात, रेल्वेपुलापलीकडच्या वस्तीत तांबडे ठिपके उमटू लागले. बहुतेक बायका होत्या. अगदी सगळ्याच नव्हे. कोष्टीवाड्यातला एक ठिपका विसरभोळ्या झालेल्या बायकोला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याचा होता. पण एक गोष्ट साऱ्यांत सारखी होती. त्या प्रत्येक घरात आणखी एक माणूस होतं, खाटेवर किंवा चाकाच्या खुर्चीत, आणि त्याचा सगळा भार या एकाच्या अंगावर होता.

"मी पुरुष किती, बायका किती, एवढंच मोजलं," हेमांगी म्हणाली. "कोण कुणाला उचलतंय ते मोजलंच नाही."

निशिकांतने नवा हिशेब मंगळवारी लागू केला आणि हेमांगीला वाटलं, झालं. बुधवारी शबानाचा फोन आला. अजून घरभेटींवर असलेल्या परिचारिका तांबड्या ठिपक्यांच्या घरी जाऊन आल्या होत्या.

"ताई, रक्तदाब सगळ्यांचा वर आहे. दोघीतिघींचे पाय तर तुमच्या काकूंसारखे. पण दवाखान्यात चला म्हटलं की एकही येत नाही. एकीने तर दार लावून घेतलं. पोराला कुणाच्या भरवशावर टाकू म्हणाली. पोरगा सव्वीस वर्षांचा आहे, मान धरत नाही."

दिवा तांबडा झाला म्हणून बाई उंबरा ओलांडत नाही, हे काकूने रविवारीच सांगितलं होतं. हेमांगीने ते ऐकलं होतं आणि यंत्राच्या नादात बाजूला ठेवलं होतं.

ती तशीच आयुक्तांकडे गेली.

बोंद्रेबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या निष्ठुर नव्हत्या; त्यांच्यामागे दिवाबत्ती होती, कचरा होता, पाणी होतं आणि रिकामी होत चाललेली तिजोरी होती. "काकूंचं ऐकून वाईट वाटलं. पण आता यंत्र दुरुस्त झालंय ना? मग अडचण काय? सही करा."

"यंत्र आता कुठे जायचं ते सांगतं, मॅडम. गेल्यावर काय करायचं ते सांगत नाही. या बायकांना उपचार नको आहेत असं नाही. त्या आल्या तर घरी कोण, हा त्यांचा प्रश्न आहे. ज्यांची पदं आपण रद्द करतोय त्याच परिचारिका त्या घरी बदली म्हणून बसल्या तर त्या येतील."

"म्हणजे बचत नाहीच."

"आहे. हिरव्या घरच्या भेटी कमीच राहू देत, तिथे खरंच गरज नाही. पण सगळी पदं जाता कामा नयेत. निम्मी ठेवा."

"मला निम्म्याने भागत नाही, हेमांगी." आवाज चढला होता. "शुक्रवारी सभा आहे. तुम्ही पहिल्या टप्प्यावर सही केलीत, आता नाही म्हणता. सभागृह मला विचारेल, तेव्हा तुमचं चुकलं होतं की आत्ता चुकतंय?"

"तेव्हा चुकलं होतं. तसं मी सभागृहात उभी राहून सांगेन. पण सही करणार नाही. बदली करायची तर करा, दुसरा अधिकारी सही करील. त्याच्या हाती मी हा नकाशा देऊन जाईन."

आयुक्तांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली कर भरायच्या रांगेत माणसं उभी होती. पद गेलं तर पुढे काय, याचा विचार हेमांगीने केला नव्हता आणि आता करण्यात अर्थ नव्हता.

"आणि माणूस पाठवूनही त्या आल्या नाहीत तर?" बोंद्रेबाईंनी विचारलं.

"तर मी सही करीन."

"ठीक आहे. विषय पुढच्या सभेवर ढकलते. तोवर खिडक्यांवरच्या परिचारिका घ्या आणि करून दाखवा. पण मला अहवाल नको. मी स्वतः येऊन बघेन."

पुढचे दिवस धावपळीत गेले. शबानाने परिचारिकांच्या जोड्या लावल्या. एकीने घरात थांबायचं, दुसरीने बाईला रुग्णालयात न्यायचं. पहिल्या घरी तासभर मनधरणी करावी लागली. सव्वीस वर्षांच्या मुलाची आई, सगुणा लोखंडे, परिचारिका त्याला कसं भरवते हे आधी डोळ्यांनी बघणार म्हणून बसून राहिली. मुलाने चार घास गिळले, हसला, तेव्हा ती उठली. चप्पल घालताना पुन्हा वळून बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या हातचं जास्त खातोय की." तिच्यामागून त्याच गल्लीतल्या दोघी आपणहून तयार झाल्या. कोष्टीवाड्यातले आजोबाही आले. त्यांच्या बायकोने बदली आलेल्या परिचारिकेला आपली धाकटी बहीण समजून घट्ट धरून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांना निर्धास्त निघता आलं.

बोंद्रेबाई सांगितल्याप्रमाणे आल्या, दुपारी, शिपाई-बिपाई न घेता. स्त्रियांच्या वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती. डॉक्टर इनामदार एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात होत्या आणि आयुक्तांना पाहून त्यांनी सरळ तक्रारच सुरू केली.

"मॅडम, जागा नाही, सलाइनचे स्टँड नाहीत. पण एक सांगू? या वयाच्या बायका माझ्याकडे येतात त्या स्ट्रेचरवरून, बेशुद्ध. चालत आलेल्या इतक्या बायका मी एका वेळी कधी पाहिल्या नव्हत्या. यांतली एकही हातची जाणार नाही."

आयुक्त वॉर्डात फिरल्या. दुपारची वेळ, भरदिवस, आणि जवळजवळ सगळ्या बायका गाढ झोपल्या होत्या. सगुणाबाईंचं तोंड उघडं होतं, त्या बारीक घोरत होत्या. बोंद्रेबाई त्यांच्या खाटेपाशी बराच वेळ थांबल्या.

"औषधाने झोपल्यात का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "औषध अंगातलं पाणी उतरवायचं आहे. झोप त्यांची स्वतःची आहे. साचलेली."

गाडीत बसताना बोंद्रेबाईंनी हेमांगीला हाक मारली. "निम्मी पदं राहतील. बाकीची बचत मी दुसरीकडून काढते, मुख्यालयाच्या नव्या दर्शनी भागाचं काम थांबवलं तर कुणी मरणार नाही. प्रस्ताव नव्याने लिहा. 'बदली सोबत' असं नाव द्या, लोकांना पटकन कळेल." मग काच वर करता करता म्हणाल्या, "आणि सभागृहात चूक मान्य करायला तुम्ही एकट्या उभ्या राहू नका. मीही वाचला होता तो अहवाल."

सभेत गोंधळ व्हायचा तेवढा झाला. दोन नगरसेवकांनी यंत्रच काढून टाका म्हणून टेबलं बडवली. पण प्रस्ताव मंजूर झाला. हेमांगी पायऱ्या उतरून आली तेव्हा फाटकाशी निशिकांत उभा होता. दोघांनी समोरच्या गाडीवर चहा घेतला आणि दोघांच्याही लक्षात आलं की गेले कित्येक दिवस आपण चहा गरम असताना प्यायलेलोच नाही. त्याने आदल्या दिवशी घरी जाऊन आईचा रक्तदाब मोजला होता. "वाढलाय?" हेमांगीने घाबरून विचारलं. "नाही," तो म्हणाला, "पण मोजतोय म्हटल्यावर ती रडायला लागली."

काकूच्या अंगातलं पाणी उतरलं तसा तिचा चेहरा पुन्हा ओळखीचा, हाडकुळा दिसू लागला. घरी आली त्या दिवशी काका तिच्याकडे नुसते बघत राहिले. तिने जवळ जाऊन त्यांचं पांघरूण सारखं करायला हात पुढे केला, तर त्यांनी डाव्या हाताने तो हात धरला आणि खाटेच्या कडेवर दाबला. बस, एवढाच त्याचा अर्थ. काकू बसली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "बघ की गं, आता हे मला दटावतात."

'बदली सोबत' योजनेतून काकांकडे सदाशिव चव्हाण नावाचे परिचारक येऊ लागले. धिप्पाड माणूस, काकांना लीलया उचलून खुर्चीत बसवायचा आणि पंपहाउसच्या जुन्या गमतीजमती स्वतःच विचारून, काकांच्या हुंकारांवरून उत्तरं ओळखायचा. काकूला सुरुवातीला हातपाय कुठे ठेवावेत ते कळेना. मग एक दिवस ती म्हणाली की बहिणीला भेटून सहा वर्षं झाली. बहीण आटपाडीकडे होती. डॉक्टर इनामदारांनी प्रवासाला हरकत घेतली नाही. हेमांगीने गोळ्यांची पुडकी बांधून दिली, चव्हाणांनी मुक्कामाची तयारी दाखवली आणि काकू एसटीत खिडकीशी जाऊन बसली. बुधवारी परतायचं ठरलं होतं.

मंगळवारी दुपारी हेमांगी जिन्याखालच्या खोलीत काम करत होती तेव्हा फोन वाजला. पलीकडे काकूचा आवाज होता, मागे बायकांची हसाहस आणि शेरडांचं ओरडणं.

"हेमे, ह्यांचं बरं चाललंय ना?"

"मजेत आहेत. चव्हाणांनी दाढी करून दिलीय, उन्हात बसलेत. तुझं काय? गोळ्या घेतेस का?"

"घेते. आणि आडवी होते. बहीण सकाळी उठवतच नाही, म्हणते झोप." काकू क्षणभर थांबली. हेमांगीने नकळत कान देऊन तिचा श्वास ऐकला. तो शांत होता. काकू शब्द जुळवत होती, एवढंच. "तर मी काय म्हणत होते... बुधवारचं जमंल असं वाटत नाही. अजून चार दिस राहू का?"

हेमांगीला हसू आवरेना. "राहा की," ती म्हणाली. "आठ राहा."

"नको गं, आठ नको," काकू म्हणाली आणि मग, जरा विचार करून, "बरं, सहा."